शनिवारचा खेळ बंद करायचा काय?

ए-३०४, काका:
नमस्कार. एक सुचवतो, कुणी राग मानू नये. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पार्किंगमध्ये जो झिम्मा-फुगडीचा खेळ असतो, तो दिवाळीपर्यंत थांबवूया. परवा चौघीच होत्या. लाईट गेली, पावसाचं पाणी आत आलं, आधीची आवाजाची तक्रार आहेच. एवढी ओढाताण कशाला? त्यापेक्षा नवरात्रात हॉल घेऊन एकच मोठा दांडिया करू, डीजे बोलावू. सगळे येतील.

सी-१०१:
सहमत.

बी-२०३, वैनी:
पावसात बाहेर पडायचाच कंटाळा येतो हो. काकांचं पटतंय.

बी-१०२:
काका, राग कसला. पण खेळ थांबवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. लांबलचक लिहिते, वाचा मात्र.

परवा चौघी होतो हे खरं. पण फुगडीला दोघीच लागतात. आम्ही बसफुगडी घातली, एकहाती घातली, जोड्या बदलून झिम्मा खेळलो, घामाघूम झालो. लाईट गेल्यावर मोबाईलच्या उजेडात खेळलो. गाणं आपल्या तोंडचं, त्याला लाईट कशाला हवी?

मला भीती आहे ती महिना गाळायची. एकदा गाळला की पुढच्या वेळी 'आहे काय या महिन्यात?' असं विचारावं लागतं. त्याच्या पुढच्या वेळी कुणी विचारतही नाही. मग दिवाळीनंतर नव्याने सुरू करायचं म्हणजे पुन्हा दारोदार फिरून बोलावणं आलं. चौघींनी का होईना, ठरल्या वेळी उभं राहिलं की बाकीच्यांना परत यायला वाट मोकळी राहते. ज्या आल्या नाहीत त्यांच्यावर माझा काडीचाही रोष नाही. कुणाचं बाळ लहान आहे, कुणाची ड्युटी असते. त्यांना एवढं माहीत असलं पाहिजे की पुढच्या दुसऱ्या शनिवारी सहा वाजता रिंगण आहेच.

दुसरा शनिवार मुद्दाम घेतलाय. बँकांना सुट्टी, सरकारी ऑफिसला सुट्टी. आणि तो नेहमी ८ ते १४ तारखेच्या मध्ये येतो, म्हणजे १ नोव्हेंबर त्यात कधीच सापडत नाही. त्या दिवशी आपल्या सीमाभागातल्या गावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे, महाराष्ट्रात जायला मिळालं नाही म्हणून, मराठी माणसांचा काळा दिवस असतो. १९५६ पासूनचं ते दुखणं आपल्या पार्किंगमध्ये यायला नको, हा विचार त्यात होता.

ए-३०४, काका:
बरं. पण आवाजाचं काय? ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुलं आहेत त्यांची तक्रार रास्तच होती.

बी-१०२:
रास्तच होती. मी स्वतः जाऊन भेटून आले. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम बघा, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. आपण तर आठला आवरतो. पण नियमात बसतो म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं काय? वस्तीच्या भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे साधारण दोघांच्या बोलण्याइतका आवाज. आपला तो भाड्याचा स्पीकर तेवढ्यात कसा बसणार? म्हणून स्पीकर कायमचा बंद करायचं ठरवलंय. परीक्षेच्या दिवसांत खेळ गच्चीवर नेऊ, वेळही पाऊण तासच ठेवू. टाळ्या आणि गाणी तेवढी राहतील.

आणि काका, दांडियाला माझा विरोध नाही हं. गरबा २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, मानाचाच नाच आहे तो. नवरात्रात करूच. पण डीजेच्या रात्री माणूस नाचून घरी जातो. शेजारणीचा हात धरून फुगडीत मागे झुकायचं म्हणजे तिच्यावर भार टाकावा लागतो, ती सोडणार नाही याची खात्री लागते. ही ओळख एका रात्रीत होत नाही. त्याला महिन्याचे महिने लागतात.

बी-२०३, वैनी:
हे मात्र खरं. मी नवीन आले तेव्हा या फुगडीतच सगळ्यांची ओळख झाली.

सी-२०४:
पण गाणार कोण? आजी पुण्याला गेल्या. अर्धी गाणी त्यांनाच येत होती.

बी-१०२:
हा सगळ्यात मोठा फटका आहे, मी लपवत नाही. पाऊस थांबतो, तक्रार मिटते, पण आजींचा आवाज कुठून आणायचा? कुणी कुठं अडखळलं तर त्या मधूनच पुढची ओळ उचलून द्यायच्या, त्यामुळे आपल्यापैकी कुणी नीट पाठच केलं नाही.

आता असं केलंय. आजी फोनवर थोडं थोडं म्हणून दाखवतात, मी वहीत उतरवते. एका घराने एकच गाणं पाठ करायचं, उरलेल्यांनी धरायचं. पिंगा, आगोटा-पागोटा, किकीचं पान, लाट्या हे खेळ ज्यांना येतात त्यांनी मला वेगळा मेसेज करा. सुपाची फुगडी शिकवायला कुणी तयार असेल तर फारच बरं.

आजी (पुण्याहून):
अगं पोरींनो वाचतेय मी. हादगा विसरू नका. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती मांडायचा. खिरापत झाकून आणायची, ओळखल्याशिवाय द्यायची नाही. इकडे भोंडला म्हणतात, खेळ तोच. दसऱ्याला येणार आहे मी.

ए-१०३, अक्का:
मी एक बोलू काय? मी येते, पण मागेच उभी राहते, गाणी येत नाहीत मला. आमच्या कन्नड लोकांत पण श्रावणातल्या मंगळवारी मंगळगौरीची पूजा असते. लहानपणी मी कोलाट, म्हणजे आमचा टिपऱ्यांचा नाच, खेळलेय. एखाद्या शनिवारी कोलाट ठेवला तर आमच्या आणि तिघी-चौघी नक्की येतील. टिपऱ्या मी आणते.

सी-१०१:
सरळ बोलतो. झिम्मा आपला आहे. त्यात कोलाट घातला की हळूहळू सगळं कन्नडच होईल. दुकानाच्या पाट्यांचं बघतोय की आपण.

बी-१०२:
भाऊजी, तुमची काळजी खोटी नाही, मलाही ती आहे. माझी मुलगी शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकते. मराठी तिच्या कानावर पडते ती घरात, आणि दुसरी या शनिवारी. झिम्म्याची जी गाणी तिला तोंडपाठ आहेत ती या पार्किंगमध्ये पाठ झाली. रिंगणच मोडलं तर ती गाणी मी तिला कुठं ऐकवू? आणि आज रिंगणाला माणसं कमी पडताहेत. ए-१०३ च्या अक्का टिपऱ्या घेऊन येतो म्हणतात, त्यांना आपण नको म्हणायचं?

बघा तर खरं किती जवळचं आहे हे. मराठी आणि कन्नड पंचांगात महिने अमावास्येलाच संपतात, त्यामुळे श्रावण दोघांचा एकाच दिवशी लागतो. उत्तरेकडे तो पंधरवडाभर आधी लागतो. त्याच मंगळवारी त्याच गौरीची पूजा त्यांच्याकडे आणि आपल्याकडे होते. कोलाटात आतलं रिंगण एका दिशेने आणि बाहेरचं उलट दिशेने फिरवतात. झिम्म्याची टाळी ज्याला जमते त्याला टिपरीची पहिली चाल चटकन येईल. त्यांच्यात जडे कोलाट असतो, वर बांधलेल्या दोऱ्या धरून नाचत नाचत वेणी विणायची आणि उलट नाचून सोडवायची. शेजारी गोव्यात शिमग्याला गोफ विणतात तो असाच. अशा मुलखात राहून आपण फक्त एकच नाच धरून बसलो तर तोटा आपलाच आहे.

मराठी गाणी कमी होणार नाहीत, हा शब्द देते. पहिला अर्धा तास झिम्मा-फुगडी, मग कोलाट. अक्कांनी आम्हाला त्यांचं एक गाणं शिकवायचं आणि आमचं एक शिकायचं.

ए-१०३, अक्का:
शिकते की. मागे उभी राहून अर्धं आलंयच मला.

सी-३०२:
बी-१०२ वैनी, कोलाट पुरुष पण खेळतात ना? आम्ही मित्र येऊलोय मग. शाळेत लेझीम खेळलेलो आहे.

बी-१०२:
खेळतात की, या! जोड्या जमायला हव्यात, म्हणून सम संख्येत या. लेझीम पण घेऊन या, पण त्याचा आवाज मोठा, ते गच्चीवर दिवसाउजेडी ठेवू.

आता जमिनीचं. मागच्या पावसाळ्यात एकजण फुगडीत घसरली, मनगट दुखावलं, तेव्हापासून तीन घरं येत नाहीत. त्यांची भीती बरोबर आहे. पार्किंगची फरशी ओली असेल तर त्या दिवशी फुगडी नाही, नुसता झिम्मा आणि हादग्याची गाणी. गाड्यांच्या तेलाचे डाग आधी पुसायचे. जाजम घालायचं नाही, ते पायाखाली सरकतं. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या, चपला बाहेर, पदर खोचलेला. पाय जुळवून, हात ताठ ठेवून मागे झुकायचं, आणि थांबताना एकदम हात सोडायचा नाही. चक्कर किंवा बीपीचा त्रास असेल त्यांनी फिरायचं नाही, गाण्याला बसायचं. गाणाऱ्याही हव्याच आहेत.

घसरली होती तिला मी पुन्हा विचारलं. या वेळी बसून टाळ्या वाजवायला येते म्हणाली. मला त्याचा किती आनंद झालाय ते लिहून सांगता येत नाही.

ए-३०४, काका:
ठीक आहे. माझं म्हणणं मागे घेतो. नवरात्रातला दांडिया मात्र करायचा हं.

बी-१०२:
करायचाच काका. वर्गणी तुम्हीच गोळा करायची.

बी-२०३, वैनी:
लाट्याचं गाणं माझ्याकडे. सासूबाईंना येतं, विचारून ठेवते.

सी-१०१:
बघू एकदा कोलाट. बायकोला पाठवतो. मी खुर्च्या लावतो.

सेक्रेटरी:
पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. पार्किंगची पूर्वेकडची बाजू साडेपाचला मोकळी हवी. लिफ्टसमोरची पांढरी गाडी ज्यांची आहे त्यांनी त्या दिवशी बाहेर लावावी. आणि पाणी आत येतं तिथला जाळीचा कचरा शुक्रवारी काढून घेतो, दोघांची मदत लागेल.

सी-३०२:
आम्ही दोघं आहोत. खराटा आहे काय सोसायटीचा?