फ्रीलान्सर आहे, कायमची परदेशी चाललेय, टॅक्सचं रजिस्ट्रेशन आपोआप बंद होतं का?

प्रश्न:
नमस्कार, सहा वर्षं झाली स्वतःच्याच नावावर ट्रान्सलेशनची कामं करतेय, कंपनी वगैरे नाही. आता नवऱ्यासोबत दुसऱ्या देशात कायमची राहायला चाललेय आणि निघणार नेमकं टॅक्स वर्षाच्या मध्येच. क्लायंट जुनेच राहणार. ओळखीचे एकजण म्हणाले इथे १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलीस की इथला टॅक्स संपला, काही करायला नको. खरंच इतकं सोपं असतं का? आणि आधी केलेल्या कामाचे पैसे गेल्यावर आले तर ते कुठे दाखवायचे? दोन्हीकडे भरावा लागेल या विचाराने झोप लागत नाहीये.

उत्तर १:
ताई, नुसत्या १८३ दिवसांवर विसंबू नका. बरेच देश घर, कुटुंब, धंदा हे पण बघतात, त्यामुळे एकाच वर्षात दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी धरू शकतात. मग दोन देशांतला टॅक्स करार काढून बघायचा. बरेचसे करार ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) हिच्या नमुन्यावर बेतलेत, त्यात क्रम असा की आधी कायमचं घर कुठे, ते दोन्हीकडे असेल तर घरचे आणि पैशाचे संबंध जास्त कुठे, तरी ठरेना तर एरवी राहता कुठे, आणि मग नागरिकत्व. म्हणून जुनं घर कुलूप लावून स्वतःकडे ठेवणार असाल तर आधी विचार करा, परक्याला रीतसर भाड्याने दिलं तर ते सहसा तुमचं कायमचं घर धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर मात्र कुठेही राहा, तिथलं रिटर्न सुटत नाही.

उत्तर २:
आपोआप काहीच बंद होत नाही हो, मी यात पोळलोय. मला वाटलं गेलो म्हणजे संपलं, आणि दोन वर्षांनी जुन्या पत्त्यावर रिटर्न न भरल्याच्या दंडाची नोटीस. तुम्ही कळवल्याशिवाय टॅक्स ऑफिसला कळणार कसं? निघायची तारीख लेखी कळवा, पोच जपून ठेवा, त्या वर्षाचं रिटर्न भराच, व्हॅट किंवा जीएसटी नंबर असेल तर तो वेगळा रद्द करावा लागतो. पैशाचं म्हणाल तर काम कुठे बसून केलं हे महत्त्वाचं, नुसतं पैसे कधी आले ते नाही. निघायच्या दिवसापर्यंतचं बिल वेगळं फाडा, एकाच इनव्हॉइसवर आधीचं नंतरचं मिसळू नका.

उत्तर ३:
वरचं बरोबर आहे, फक्त पेन्शनची वर्गणी विसरू नका, तो इन्कम टॅक्सपेक्षा वेगळा विषय आहे आणि त्याचे करारही वेगळे असतात. करार असला तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही आणि बऱ्याचदा जुनी वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी धरतात. आणि नव्या देशात गेल्यावर टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (टॅक्ससाठी तुम्ही तिथल्या रहिवासी आहात असा तिथल्या टॅक्स ऑफिसचा दाखला) मागून घ्या, जुना क्लायंट टॅक्स कापायला लागला की तेच दाखवावं लागतं.

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. घर बंद करूनच जाणार होतो आम्ही, आज रात्रीच नवऱ्याशी बोलते. बिलं या महिन्यापासूनच वेगळी करते.