विषय: शेजाऱ्यांना ऑनलाइन आणणाऱ्या कॉलेजच्या मुलांचं प्रशिक्षण

प्रेषक: सामाजिक उपक्रम समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

ग्रंथालयासोबतचा उपक्रम पुढच्या सत्रापासून सुरू करायचं नक्की झालंय. इथे अमेरिकेत ज्यांच्या घरी इंटरनेट नाही, किंवा हातात फोन असूनही त्यावर कामं करता येत नाहीत, अशा शेजाऱ्यांना आपली कॉलेजची मुलं मदत करतील. शेजारी म्हणजे सगळेच, फक्त मराठी नव्हेत.

प्रशिक्षणाचा आराखडा मी लिहितेय. त्यात संगणकाचे धडे जवळजवळ नाहीत, कारण ते मुलांना येतंच. त्यांना जड जातं ते हात आवरणं. समोरचा माणूस बटण शोधत असतो, तेवढ्यात मुलगा फोन स्वतःकडे ओढतो आणि दोन मिनिटांत काम उरकून टाकतो. पुढच्या वेळी तोच माणूस त्याच कामासाठी पुन्हा रांगेत असतो. म्हणून पहिला नियम असा की फोन आणि माऊस शेजाऱ्याच्याच हातात राहील.

याचा सराव करायला एक युक्ती आहे. मुलांच्या जोड्या करायच्या. एकाच्या हातात असा फोन द्यायचा, ज्याची भाषा त्याला वाचताच येत नाही. जोडीदाराने त्याला हात न लावता, नुसतं बोलून, तो फोन वाय-फायला जोडून घ्यायचा. ‘वर उजवीकडे’, ‘दातेरी चाकासारखं चित्र’, ‘निळं झालं का?’ असं बोलायची सवय तिथेच लागते. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला किती ओशाळल्यासारखं होतं, हेही मुलांना कळतं. आराखड्यातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, निम्मा वेळ त्यालाच द्यावा.

सूचना जरूर कळवा.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई,

उपक्रम उत्तम आहे, माझा पाठिंबा आहे. दोन शंका मात्र आहेत. शिकवून झाल्यावर घरी इंटरनेट नसेल तर त्या शिकण्याचं करायचं काय? इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सवलत देणारी अमेरिकी सरकारची योजना २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबांनी घेतली होती, पण निधी संपल्यामुळे ती १ जून २०२४ ला बंद पडली. दुसरी शंका पासवर्डची. उद्या कुणाच्या खात्यातून पैसे गेले, तर संशय आपल्या मुलांवर यायला नको. मुलांनी मन लावून केलेल्या कामाला असा डाग लागलेला मला बघवणार नाही.

---

प्रेषक: युवा शाखा

काका, नमस्कार.

मी ग्रंथालयात अशी मदत करते, म्हणून लिहितेय. ती योजना गेली, पण लाइफलाइन ही कमी उत्पन्नाच्या घरांना फोन-इंटरनेटच्या बिलात सवलत देणारी सरकारी योजना चालू आहे. ती १९८५ पासून आहे, आधी फोनपुरती होती, २०१६ मध्ये तिच्यात ब्रॉडबँड आलं. महिन्याला ९.२५ डॉलर सवलत मिळते. रक्कम लहान आहे, तरी मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी आरोग्यविमा) किंवा स्नॅप (अन्नधान्यासाठीची सरकारी मदत) मिळणाऱ्या कितीतरी लोकांना आपण पात्र आहोत हेच माहीत नसतं. एका घराला एकच सवलत मिळते आणि दरवर्षी पात्रता पुन्हा तपासली जाते. तिच्यातून फुकट मिळालेली फोनसेवा ३० दिवस वापरलीच नाही तर आधी सूचना येते, आणि तरीही वापरली नाही तर ती बंद होते. हे लोकांना कुणी सांगत नाही, ते मुलांनी सांगायला हवं.

ताई, आराखड्यात एक गोष्ट घालाल का? ज्यांचे पैसे महिन्याअखेर संपतात त्यांचा फोन नंबर वरचेवर बदलतो. नंबर गेला की ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणजे ईमेल उघडत नाही, आणि नोकरीच्या अर्जाचं उत्तर त्याच ईमेलवर आलेलं असतं. म्हणून खातं उघडायच्या आधीच ‘हा नंबर पुढेही तुमच्याकडे राहील ना?’ असं विचारायचं. भरवसा नसेल तर बॅकअप कोड, म्हणजे ओटीपी न येताही खातं उघडून देणारे आकडे, कागदावर छापून द्यायचे आणि ते घरी जपून ठेवायला सांगायचे.

मुलांच्या वेळाचंही बोलूया. फेडरल वर्क-स्टडी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना शिकता शिकता केलेल्या कामाचा पगार देणारी सरकारी योजना, तिचा जो निधी कॉलेजला मिळतो, त्यातला किमान ७ टक्के समाजसेवेच्या कामांवर खर्च करावा लागतो. आपापल्या कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात विचारलं तर काही जणांना या कामाचा पगारही मिळू शकेल. ज्या मुलांना नोकरी केल्याशिवाय भागत नाही त्यांनाही मग येता येईल, आणि शेजाऱ्यांची अडचण तीच मुलं सगळ्यात लवकर ओळखतात.

---

प्रेषक: सामाजिक उपक्रम समिती

तू सुचवलेला नंबराचा प्रश्न अगदी पहिल्या पानावर घेतला आहे.

काका, तुमच्या शंकेवरून हे ठरवलंय. पासवर्ड शेजारीच टाइप करतील, तेवढा वेळ मुलांनी मान वळवायची. ओटीपी मोठ्याने वाचू द्यायचा नाही. कुणाच्याही कागदपत्राचा फोटो स्वतःच्या फोनवर काढायचा नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करायचं आणि डाउनलोड फोल्डर रिकामा करायचा, तिथे लोकांच्या पगाराच्या पावत्यांच्या पीडीएफ तशाच राहतात. पैशांच्या व्यवहारात मुलं मदत करणार नाहीत, त्यासाठी बँकेत पाठवायचं. मात्र फसवणूक ओळखायला शिकवायचं. गिफ्ट कार्डने पैसे भरा असं कुठलंही सरकारी खातं कधी सांगत नाही, एवढं एक वाक्य प्रत्येकाच्या कानावर घालायचं.

मुलांनी सुरुवात ‘आज कशासाठी आलात?’ या प्रश्नाने करायची. ‘संगणक शिकायचाय’ असं म्हणत फारसं कुणी येत नाही. सवलतीच्या घराच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं असतं, किंवा डॉक्टरांची व्हिडिओ भेट तासाभरावर आलेली असते. ते काम आधी हाती घ्यायचं, आणि ते करता करता एक गोष्ट शिकवायची. एकच.

स्पॅनिश किंवा अरबी बोलणारी मित्रमंडळी कुणाच्या मुलांच्या ओळखीची असतील तर त्यांनाही सोबत आणा. पहिली बैठक ग्रंथालयाच्या खालच्या सभागृहात आहे, वेळ ठरली की इथेच कळवते. येताना प्रत्येकाने एक जुना, चालू स्थितीतला फोन आणावा, त्यातली माहिती पूर्ण पुसून.