घर पाहायला लोक येतात आणि मनाने जिन्यातूनच परत जातात. जाहिरातीत काय चुकत असेल?

उंबरठा:
दोन शयनगृहांचे आमचे राहते घर विकायचे ठरवल्यापासून दोन महिने उलटले. मालमत्तेच्या संकेतस्थळावर मी स्वतः लिहिलेली जाहिरात अशी आहे: "उत्तम ठिकाणी, प्रशस्त, हवेशीर आणि भरपूर उजेडाचे आलिशान घर. सर्व सुविधा हाकेच्या अंतरावर. एकदा अवश्य पाहा." सोबत नऊ छायाचित्रे आहेत. आजवर चौदा जण येऊन गेले. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टचा उल्लेख मी मुद्दामच टाळला, कारण लोकांनी एकदा घर पाहिले की ते त्यांना आवडेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात निम्मे लोक दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून "लिफ्ट नाही का?" असे विचारतात, आणि पुढे घर पाहतात ते केवळ शिष्टाचार म्हणून. जाहिरातीची भाषा अधिक आकर्षक करावी, की दोष आणखी कशात आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोजपट्टी:
अनेक वर्षे घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. भाषा आकर्षक करू नका, उलट ती उतरवा. तुमच्या जाहिरातीतले प्रत्येक वाक्य शेजारच्या घराच्या जाहिरातीत जसेच्या तसे चालेल का, हे तपासा. जे चालेल ते खोडा. या कसोटीवर तुमची तिन्ही वाक्ये बाद होतात. 'प्रशस्त' हा शब्द लहान घराचा मालकही लिहितो आणि मोठ्या घराचाही, त्यामुळे वाचणारा तो मनातल्या मनात वगळूनच पुढे जातो.

त्याऐवजी मोजमाप द्या. बैठकीची खोली किती फूट बाय किती फूट, हे स्वतः टेप लावून मोजून लिहा. एकूण क्षेत्रफळ देताना ते कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा, आहे की भिंती आणि सामाईक जागा धरून आहे, हे स्पष्ट करा, कारण या दोन आकड्यांतला फरक प्रत्यक्ष पाहताना उघड झाला की पुढच्या प्रत्येक विधानावरचा विश्वास उडतो. चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्ही द्यायचे असतील, तर एक चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट. मी जाहिरातींत हे गणित चुकलेले कितीतरी वेळा पाहिले आहे.

'भरपूर उजेड' याचेही तसेच. कोणत्या खोलीत ऊन किती वाजता येते आणि किती वाजेपर्यंत टिकते, ते एक दिवस घरी थांबून पाहा आणि तेवढेच लिहा. 'हाकेच्या अंतरावर' लिहिण्यापूर्वी घड्याळ लावून थांब्यापर्यंत चालत जा. सात मिनिटे लागली तर 'चालत सात मिनिटे' असे लिहा. पाच लिहिण्याचा मोह टाळा, कारण खरेदीदार तो रस्ता स्वतः चालून पाहतोच.

फोनवर शोधणाऱ्याला यादीत बहुधा एक छायाचित्र, किंमत, क्षेत्रफळ आणि मजकुराचे काही शब्दच दिसतात, म्हणून सर्वांत वजनदार माहिती पहिल्या ओळीत हवी. किमतीबद्दल एकच सांगतो: लोक शोधताना कमाल मर्यादा म्हणून गोल आकडा निवडतात, त्यामुळे तुमची किंमत त्या आकड्याच्या किंचित वर असेल तर त्या खरेदीदारांना तुमचे घर दिसतच नाही.

चौकट:
मी विकणारी नाही, घेणारी आहे. गेल्या वर्षभरात वीसेक घरे पाहिली. लपवलेल्या गोष्टीचा राग त्या गोष्टीपेक्षा मोठा असतो, हे माझ्यापुरते तरी खरे आहे. लिफ्ट नसलेले घर मला चालले असते, पण ते मला जिन्यात कळले तर 'आणखी काय सांगितलेले नाही?' हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी घरभर फिरते, आणि मग मला ओल नसलेल्या भिंतीवरही ओल दिसू लागते.

एका जाहिरातीत शयनगृह सभागृहासारखे दिसत होते. गेल्यावर पाहिले, तर कपाटाचे दार उघडताच पलंगाला धडकत होते. फोनच्या रुंद भिंगाची ती करामत होती. दुसरे म्हणजे, ज्या खोलीचे छायाचित्र नसते ती वाईट असणार, असे आम्ही घेणारे गृहीत धरतो. न्हाणीघर आणि जिना यांची छायाचित्रे वगळू नका. आणि कृपया घराचा आराखडा द्या. कागदावर हाताने काढून, मापे लिहून आणि उत्तर दिशेचा बाण दाखवून दिला तरी पुरतो. स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायला शयनगृहातून जावे लागते की नाही, हे नऊ छायाचित्रांतून कळत नाही, ते आराखड्यात क्षणात कळते.

तिरपे ऊन:
छायाचित्रांबद्दल थोडे. फोन आडवा आणि छातीच्या उंचीवर धरा, वर किंवा खाली न कलवता, म्हणजे भिंतींच्या कडा उभ्या राहतील. खोलीच्या कोपऱ्यातून समोरच्या खिडकीकडे पाहत काढलेले छायाचित्र खोलीचा आकार नीट सांगते, मात्र खिडकीबाहेर ऊन रखरखत असेल तर आतली खोली काळवंडते. त्यामुळे त्या बाजूला थेट ऊन नसलेली वेळ निवडा. रुंद भिंग टाळाच. भिंतीवरची कौटुंबिक छायाचित्रे, नावाची पाटी, किल्ल्यांचा जुडगा, टेबलावरचे कागद चौकटीत येऊ देऊ नका. फोनने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, ती चढवण्यापूर्वी काढून टाका.

'मोजपट्टी' यांच्याशी एका बाबतीत मात्र माझे मत जुळत नाही. सगळेच आकडे झाले तर जाहिरात पावतीसारखी वाटते. राहणाऱ्यालाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट मजकुरात असावी.

उंबरठा:
सर्वांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन बसलो आणि बैठकीची खोली मी समजत होतो त्यापेक्षा फूटभर लहान निघाली. नवा मजकूर असा केला आहे:

"तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकूण 48 पायऱ्या. दोन शयनगृहे, कार्पेट 620 चौरस फूट. बैठकीची खोली 14 बाय 10 फूट. स्वयंपाकघरात सकाळी सात ते दहा ऊन असते. वरच्या मजल्यामुळे रस्त्याचा आवाज मागच्या शयनगृहात पोहोचत नाही. दुपारी तिथे खिडकी उघडी ठेवून झोपता येते. बस थांबा चालत आठ मिनिटे. आराखडा सोबत जोडला आहे."

एक शंका उरते. दोन वर्षांपूर्वी मागच्या भिंतीतून पाणी झिरपत होते, ते दुरुस्त करून घेतले आणि त्यानंतरच्या दोन्ही पावसाळ्यांत भिंत कोरडी राहिली. हे लिहावे का?

मोजपट्टी:
'तिरपे ऊन' यांचे म्हणणे मान्य. दुपारच्या झोपेचे वाक्य माझ्या कसोटीवरही टिकते, कारण ते शेजाऱ्याला चिकटवता येणार नाही. 48 पायऱ्या पहिल्याच ओळीत आल्या हेही योग्य झाले. आता फोन कमी येतील, त्याने निराश होऊ नका. जे येतील ते पायऱ्या मोजून येतील.

झिरपण्याचे जाहिरातीत लिहिले नाही तरी चालेल, पण घर पाहायला आलेल्याने विचारण्याची वाट न पाहता ती भिंत स्वतः दाखवा आणि दुरुस्तीचे बिल हाताशी ठेवा. रंगाचा पट्टा वेगळा दिसत असेल तर तो झाकण्यासाठी तिथे कपाट सरकवू नका. पहिली गोष्ट म्हणजे जुनी जाहिरात आधी काढून टाका. एकाच घराच्या दोन जाहिराती, त्याही वेगवेगळ्या क्षेत्रफळाच्या, दिसल्या तर एवढी मेहनत वाया जाईल.

उंबरठा:
जुनी आत्ताच काढली. तिच्यात क्षेत्रफळ 780 लिहिले होते, हे काढताना लक्षात आले.