मुष्टियुद्धात आठ वजनी गटांचे किताब मोठे, की वजनाला छप्पर नसलेल्या हेवीवेटचा एकच? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तागडी

फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ 8 वजनी गटांत विजेता ठरला. अमेरिकेच्या जो लुईसने एकाच गटाचा, हेवीवेटचा, किताब 1937 ते 1949 सांभाळला आणि 25 वेळा राखला. दोघांत थोर कोण?

माझं पारडं पॅकियाओकडे. डिसेंबर 1998 मध्ये तो 112 पौंडांच्या (50.8 किलो) फ्लायवेट गटाचा विजेता झाला आणि नोव्हेंबर 2010 मध्ये 154 पौंडांच्या. मर्यादा साडेसदतीस टक्क्यांनी वर गेली. नुसतं वजन वाढवणं सोपं आहे, खाल्लं की वाढतं. पण मनगट, जबडा, खांद्यांची रुंदी खालच्या गटाचीच राहते आणि समोरचा मुळातच त्या हाडापेराचा असतो. खाली ज्या ठोशाने माणूस आडवा व्हायचा, तोच ठोसा वरचा पचवतो आणि पुढे येतो.

केल ब्रुकचं काय झालं बघा. 147 पौंडांच्या गटाचा विजेता सप्टेंबर 2016 मध्ये थेट 160 च्या गटात गोलोव्हकिनसमोर उभा राहिला. पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल पडला, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. पुढच्या मे महिन्यात परत 147 ला आला, तर स्पेन्सच्या हातून दुसऱ्या डोळ्याची खोबण गेली.

हेवीवेटला ही कटकटच नाही. काट्यावर उभं राहणं हा तिथे फोटोपुरता कार्यक्रम.

दोनशेच्या वर

154 चा किताब म्हणालात ना? त्या लढतीचा करार बघा. प्रतिस्पर्धी मार्गारिटोला 150 च्या आत यायला लावलं होतं आणि पॅकियाओ स्वतः काट्यावर 144.6 भरला. म्हणजे ज्या गटाचा बेल्ट घेतला, त्याच्या खालच्या 147 च्या गटातही तो आरामात बसला असता. किताब रिकामाच पडला होता, त्यामुळे कुणा गादीवरच्या विजेत्याला उठवावंही लागलं नाही. त्याआधी कोटोलाही 147 ऐवजी 145 वर आणलं होतं.

आणि 8 हा आकडा फुगलाय कशाने? 122, 130, 140, 154 हे मधले ‘सुपर’ गट गाळून जुने आठच गट ठेवा: 112, 118, 126, 135, 147, 160, 175 आणि त्यावर हेवीवेट. पॅकियाओचे उरतात 4. त्यातही 126 ला बरेराला हरवून मिळालेला मान चार मोठ्या संघटनांपैकी कुणाचा नव्हता, ‘द रिंग’ मासिकाचा होता. 140 ला हॅटनबाबतही तेच.

आता हेवीवेट. 200 पौंडांच्या (90.7 किलो) वर छप्परच नाही. डिसेंबर 2024 ला रियाधमध्ये हेवीवेट विजेता उसिक 226 भरला आणि प्रतिस्पर्धी फ्युरी 281. पंचावन्न पौंडांचा फरक! ‘जरा दोन पौंड कमी करून ये’ असं उसिक कुणाला सांगणार? तिन्ही जजनी 116-112 ने लढत त्याला दिली. आपल्या महाराष्ट्र केसरीच्या गटात 86 किलोपासून 125 किलोपर्यंतचे मल्ल एकमेकांना भिडतात, पण तिथेही वर 125 ची रेघ आहे. इथे तीही नाही.

तागडी

करार मान्य, काट्यावरचं 144.6 ही मान्य. पण लढत काट्यावर होत नाही. वजन आदल्या दिवशी होतं. त्यानंतर चोवीस-तीस तासांत मार्गारिटो 165 पर्यंत फुगला आणि पॅकियाओ 148 वर रिंगणात उतरला. सतरा पौंड फरक, त्याच्या अंगाच्या साडेअकरा टक्के. शेवटी मार्गारिटोच्याच डोळ्याचं हाड मोडलं.

चौथा पंच

दोघेही काट्याचे आकडे एकमेकांवर फेकताय, पण ते आकडे कोणत्या दिवसाचे हे पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. आधी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. मे 1938 मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग 133½ वर बार्नी रॉसविरुद्ध 147 च्या किताबासाठी उतरला, रॉस 142. ते आकडे खरे, त्याच दिवसाचे. आदल्या दिवशीच्या वजनाची पद्धत आल्यावर मुष्टियोद्धे शेवटच्या आठवड्यात आधी भरपूर पाणी पितात, मीठ तोडतात, मग पाणीही तोडून सॉना आणि गरम टबात घाम काढतात. काट्यावरून उतरताच क्षारयुक्त पाणी आणि भात-पास्त्यावर तुटून पडतात. त्यामुळे 147 चा ‘वेल्टरवेट’ रिंगणात 160 चाही असू शकतो. आयबीएफ संघटनेने म्हणूनच किताबाच्या लढतीला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन ठेवलं: मर्यादेपेक्षा 10 पौंडांहून जास्त चालत नसे.

यात फसतं ते असं. पाणी एका दिवसात परत भरलं तरी पायातली ताकद लगेच येत नाही. डिसेंबर 2008 मध्ये डे ला होया सात वर्षांनी 147 च्या मर्यादेत बसायला 145 पर्यंत सुकून आला आणि पॅकियाओने आठ फेऱ्यांत त्याला स्टुलावरच बसवून ठेवला. त्या विजयाचं किती श्रेय पॅकियाओचं आणि किती सॉनाचं?

हेवीवेटमध्ये ही भानगड नाही हे तागडींचं म्हणणं खरं. पण माझ्या मते तो हेवीवेटच्या बाजूचा मुद्दा आहे. तिथे दिसतं ते वजन खरं असतं.

साउथपॉ

हेवीवेटमधल्या पंचावन्न पौंडांना एवढं डोक्यावर घेऊ नका. 281 पैकी ठोशाला उपयोगी किती आणि पोटावरचं किती? 147 च्या गटातला दहा पौंडांचा फरक म्हणजे हाड आणि स्नायू, कारण चरबी दोघांनीही आधीच संपवलेली असते. शिवाय एका टप्प्यानंतर ठोशाचं वजन पुरेसं होतं. 220 चा माणूस नीट टायमिंगने हनुवटीवर लागला तर समोरचा 240 असो की 280, दिवे जातात. म्हणून डेव्हिड हे 2009 मध्ये 217 वर राहून 316 च्या व्हालुएवला गुणांवर हरवू शकला. 99 पौंडांचा फरक! टक्केवारीने हा फरक 112 च्या गटात मांडा: समोर 163 चा माणूस लागेल. तशी लढत कुठलीही संघटना होऊ देणार नाही.

दोनशेच्या वर

डेव्हिड हे जिंकला ते पळून. बारा फेऱ्या मागे सरकत, मोजून ठोसे टाकत. बघायला कंटाळवाणी, पण करायला अवघड. उलटी बाजूही सांगा की. 1934 मध्ये टॉमी लॉक्रन, 175 चा माजी विजेता, 184 भरून 270 च्या कार्नेरासमोर गेला. हाताने त्याहून कितीतरी सरस, तरी 15 फेऱ्या त्याच्या अंगावर तो डोंगर रेलत राहिला आणि गुण कार्नेराकडे गेले. वजनाने माणूस हरतो तो ठोशाने कमी, मिठीत जास्त. क्लिंचमध्ये मोठा माणूस कोपर तुमच्या मानेवर टाकतो, सगळा भार सोडतो, आणि पंच सोडवेपर्यंत तुमच्या मांड्या तो भार उचलतात. असं फेरीत सात-आठ वेळा झालं की नवव्या फेरीत पाय शिशाचे होतात.

चौथा पंच

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हेवीवेटमधलं नाहीच. 25 जून 1952, यँकी स्टेडियम, पारा 104 फॅरनहाइट. शुगर रे रॉबिन्सन 157½, जोई मॅक्सिम 173. रॉबिन्सन गुणांवर स्पष्ट पुढे होता. मॅक्सिमने फारसं काही केलं नाही, फक्त बिलगत राहिला. दहाव्या फेरीनंतर पंच रुबी गोल्डस्टीनच उकाड्याने गळाले, त्यांच्या जागी दुसरा पंच आणावा लागला. तेराव्यानंतर रॉबिन्सन स्टुलावरून उठला नाही. सुमारे दोनशे लढतींच्या कारकिर्दीत तो वेळेआधी हरला तो एवढ्या एकदाच.

म्हणून बहुगटीय विजेत्याला माझा प्रश्न ‘किती बेल्ट’ असा नसतो. मोठा माणूस अंगावर रेलू लागला तेव्हा काय केलंत, हे मला बघायचं असतं. उसिकने फ्युरीला ते करूच दिलं नाही. पुढचा उजवा पाय फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पोटावर, आणि फ्युरी मिठी मारायला वाकला की तोवर हा बाजूला. मे 2024 च्या पहिल्या लढतीत नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लोंबकळला आणि पंचाला मोजणी करावी लागली, ती याच पायांच्या कामामुळे.

भातुकली

बेल्टच्या बेरजेवर विश्वास असणाऱ्यांनी 7 नोव्हेंबर 1988 ची रात्र आठवावी. डॉनी लालोंड 175 चा विजेता. शुगर रे लेनर्डने त्याला 168 वर यायला लावलं आणि डब्ल्यूबीसी संघटनेने त्या एकाच लढतीत 175 चा आणि नवाकोरा 168 चा, असे दोन किताब लावले. नवव्या फेरीत नॉकआउट, एका रात्रीत दोन गट, लेनर्डचे एकूण 5. 175 चा ‘विजेता’ होताना समोरचा 168 च्या वर नव्हता. हत्ती न बघता हत्तीची शिकार.

साउथपॉ

मग रॉय जोन्सला कुठे बसवाल? 1 मार्च 2003, जोन्स 193, हेवीवेट विजेता रुईझ 226. 1897 मध्ये बॉब फिट्झसिमन्सने कॉर्बेटला पाडल्यानंतर मिडलवेटचा माजी विजेता हेवीवेटचा विजेता झाला तो हाच. कॅचवेट (करारात ठरवलेली खास वजनमर्यादा) नाही, सवलत नाही.

दोनशेच्या वर

सवलत होती, प्रतिस्पर्धी निवडण्याची. त्या वेळी हेवीवेटमधला खरा माणूस लेनॉक्स लुईस होता. रुईझ हळू, बिलगणारा, हाताने अंदाज येणारा. आणि बिल चुकवायची वेळ आलीच. जोन्स परत 175 ला उतरला, नोव्हेंबरमध्ये टार्व्हरला कसाबसा हरवलं, मे 2004 मध्ये त्याच टार्व्हरने दुसऱ्याच फेरीत झोपवला आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. सॉनातलं पाणी दुसऱ्या दिवशी परत येतं, कमावलेला स्नायू उतरवलात की त्याबरोबर पायही उतरतात.

साउथपॉ

तेव्हा तो 35 चा होता. सगळा खेळ प्रतिक्षिप्त वेगावर, हात खाली ठेवून. तसला मुष्टियोद्धा वजन न हलवताही त्या वयात पडतो. सगळं खापर स्नायूंवर फोडणं मला पटत नाही.

तागडी

एक गोष्ट हेवीवेटवाल्यांनीही कबूल करावी. तुमचा गट जसा वाटतो तसा एकसंध नाही. मार्सियानोने सप्टेंबर 1952 मध्ये वॉलकॉटला पाडून किताब घेतला तेव्हा तो 184 होता. आज तो क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालचा गट) ठरेल. क्रूझरवेट गट आला 190 च्या मर्यादेने, 2003 मध्ये ती 200 झाली, आणि 2020 मध्ये डब्ल्यूबीसीने 224 चा ब्रिजरवेटही काढला. म्हणजे उसिकचे ‘दोन गट’ मार्सियानोच्या काळात एकच गट झाले असते. फुगवटा फक्त आमच्याकडे नाही.

दोनशेच्या वर

हा मुद्दा चोख आहे. पण उसिकने दोन्हीकडे सगळे बेल्ट गोळा केले, 2018 मध्ये मॉस्कोत आणि 2024 मध्ये रियाधमध्ये. रिकामी खुर्ची कुठेच नाही.

तुमच्या बाजूचा मला पटणारा माणूस क्रॉफर्ड. 140, 147 आणि 168, तिन्हीकडे निर्विवाद, आणि सप्टेंबर 2025 मध्ये कॅनेलोला 168 च्या पूर्ण मर्यादेला, एक पौंडही कमी करायला न लावता हरवलं. 160 चा गट तर ओलांडूनच गेला. पॅकियाओच्या 135, 140 आणि 154 या तीन गटांत प्रत्येकी एकेकच लढत आहे. आला, बेल्ट घेतला, गेला. त्याला त्या गटाचा विजेता म्हणायचं की पाहुणा?

तागडी

पाहुणा म्हणा, हरकत नाही. पण 147 ला तो पाहुणा नव्हता. कोटोला बाराव्या फेरीत थांबवलं 2009 मध्ये, आणि जुलै 2019 मध्ये चाळिशी गाठलेली असताना थर्मनला खाली पाडून त्याच गटाचा किताब पुन्हा घेतला. मग असं करा: मधले सगळे गाळा, दोनच आकडे ठेवा. 112 आणि 147. तरी सव्वाएकतीस टक्के होतात.

दोनशेच्या वर

हे चालेल. मधले सहा खोडा.

तागडी

122 खोडणार नाही. जून 2001 मध्ये लेडवाबाविरुद्ध दोन आठवड्यांच्या सूचनेवर बदली म्हणून आला आणि सहाव्या फेरीत संपवलं. समोर बसलेला विजेता होता, कॅचवेट नव्हतं, आणि नंतर तो किताब राखलाही.

दोनशेच्या वर

बरं, 122 ठेवा. तीन झाले.

भातुकली

आणि बरेरा? मासिकाचा बेल्ट असेल, पण 126 ला त्या वेळी त्याच्या वर कोण होतं ते सांगा आधी.