मदत हवी आहे: निर्गम 26:9 मधला सहावा पडदा नेमका कसा दुमडायचा?

नमस्कार मंडळी. चर्चमधल्या मुलांसाठी बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या निवासमंडपाची (इस्राएल लोकांच्या तंबूवजा उपासनास्थानाची) कापडी प्रतिकृती करतोय आणि अध्याय 26 च्या नवव्या वचनापाशी घोडं अडलंय.

तलम सणाच्या (लिननच्या) पडद्यांचा हिशेब सुरेख जमतो. दहा पडदे, प्रत्येक 4 हात रुंद, म्हणजे 40 हात: छताचे 30 आणि मागच्या भिंतीचे 10. पाच-पाचांचे दोन पट जिथे सोन्याच्या 50 आकड्यांनी जोडलेत, तो जोड दारापासून बरोबर 20 हातांवर, अंतरपटाच्या (आतला परमपवित्र भाग वेगळा करणाऱ्या पडद्याच्या) माथ्यावर येतो (वचन 33). हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला!

त्यांच्यावर पसरायचे बकऱ्याच्या केसांचे पडदे मात्र अकरा (एकीकडे पाच, एकीकडे सहा जोडलेले), म्हणजे 44 हात. सहावा पडदा तंबूच्या पुढच्या बाजूला दुमडायचा. ती 2 हातांची घडी दारावर लोंबती ठेवायची, की छताच्या कडेवरच दुहेरी करायची? मध्ययुगीन यहुदी भाष्यकार रशी म्हणतात, ती दारावर लोंबते, लाजऱ्या नवरीच्या चेहऱ्यावरच्या पडद्यासारखी. पण दोन्ही रीतींनी मागे 2 हातच उरतात, त्यामुळे मापावरून निकाल लागत नाही.

हिब्रू वाचणाऱ्यांनी किंवा अशी प्रतिकृती केलेल्यांनी कृपया सांगावं. कापड अजून कापलेलं नाही.