राष्ट्रगीत ओरडायचं की गायचं?

मंद्र: "सूट घालून राष्ट्रगीत ओरडणं म्हणजे गाणं न येणाऱ्यांची पळवाट" ही इथली कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. फिनलंडमधल्या ओउलूचा हा ओरडणाऱ्या पुरुषांचा वृंद १९८७ पासून आहे. त्यांचा संचालक पेट्री सिर्विओ एकेक अक्षर मोजून घेतो. एकाचा ताल चुकला तरी उघडा पडतो, कारण लपायला सूरच नाही. आणि चालीचं पावित्र्य कसलं? फिनलंडच्या राष्ट्रगीताची चाल जर्मनीत जन्मलेल्या पाशियसची, मूळ शब्द स्वीडिश, आणि एस्टोनियाच्या राष्ट्रगीतालाही हीच चाल. ती काढून घेतल्यावर काय उरतं, ते हे लोक ऐकवतात.

सरळरेषा: असहमत. पोस्ट माझीच. पुरुषांचा घोळका ओरडायला लागला की बाकीचे गप्प होतात. मी बाई आहे, मला हे कुठल्या रंगमंचावर जाऊन शिकावं लागलं नाही.

मंद्र: अहो, घोळक्याची तीच धमकी एरवी राष्ट्रगीताच्या गोड चालीखाली झाकलेली असते!

लेथवाला: तुम्ही दोघं सूटवाल्यांवरच अडलात. मी २२ वर्षं लेथवर काढली. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. घरीही तोच आवाज लागायचा. मुलगी आईला विचारायची, "बाबा चिडलेत का?" मी चिडलेलो नसायचो. कानात बोळे घातले की "नाजूक आहेस का रे?" म्हणून हसायचे, म्हणून घातले नाहीत. आता डावा कान गेला.

काळी चार: कानांसाठी ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. बोळे न घालणं ही मर्दुमकी नव्हे, मूर्खपणा.

लेथवाला: मूर्ख कुणाला म्हणता? एक पाळी उभे राहा तिथे, मग बोला.

काळी चार: शब्द मागे घेतो. पण माझ्या वडिलांचे दोन्ही कान असेच गेले, म्हणून चिडतो.

मंद्र: धागा कलेवर आहे. कामगारांचा आवाज हवा तर ब्रिटिश कलाकार जेरेमी डेलरचं १९९७ चं काम ऐका. कारखान्यातून उभ्या राहिलेल्या ब्रास बँडकडून त्याने ॲसिड हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवून घेतलं.

लेथवाला: कसब वाजवणाऱ्यांचं, नाव डेलरचं.

सरळरेषा: हे मात्र पटलं. आणि मंद्र, ताल अवघड असतो हेही मान्य. धमकीचं मान्य नाही. लेथवाला, मुलीला नंतर कधी सांगितलंत का, की चिडलेला नव्हतात?

लेथवाला: नाही.