थंडीत सकाळी टिपर चालू केला की खडखड, मग टकटक. इंजिन खोलायचं का?

वाळपईकर_टिपर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा दहा चाकी टिपर आहे, 2011 चं मॉडेल, सहा सिलेंडर टर्बो, बीएस3, साधा इनलाइन पंप, सेन्सर-बिन्सर काही भानगड नाही. आधीच्या मालकाकडे खाणीवर चालायचा, 2018 च्या मार्चात खाणी बंद पडल्या तेव्हा त्याने घरामागे उभा केला तो तीन पावसाळे तसाच, मग मी घेतला. आता चिरे नाहीतर खडी मारतो, फोंड्यापर्यंत, कधी म्हापशाला.

तर झालंय असं की डिसेंबर लागल्यापासून सकाळी आवाज सुरू झालाय. आमच्याकडे नदीकाठाला धुकं इतकं असतं की ताडपत्रीवरून पाणी ठिबकतं. साडेसहाला सेल्फ मारला की पहिले चार-पाच सेकंद डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी खडखड, ऑइलचा लाल दिवा विझला की ती थांबते, आणि मग टक टक टक टक, ती चांगली पाच मिनिटं, वर पांढरा धूर, डोळे झोंबतात. शेजारची आजी रोज खिडकीत येऊन माझ्या सात पिढ्या काढते. गाडी एकदा गरम झाली की गप्प. दुपारी चिरेखाणीवर तास-दीड तास बंद ठेवून परत चालू केली तर काहीसुद्धा नाही, आणि मे महिन्यात घेतली तेव्हा तर आवाजच नव्हता.

एका गॅरेजवाल्याने (नाव नको) दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला बेअरिंग गेलं, इंजिन खाली उतरवायला लागेल, लाखाच्या वर जाईल. हप्ता चालू आहे हो. घरी अजून बोललो नाही. खरंच खोलायचं का?

म्हापशेकर
थंडी? गोव्यात? आम्ही अजून पंखा तीनवर ठेवून झोपतो 😄

वाळपईकर_टिपर
@म्हापशेकर तुम्ही किनाऱ्यावरचे, एकदा जानेवारीत पहाटे पाचला सत्तरीत या, मग बोलू. काजूच्या मोहोराला बरी असते ती थंडी, आम्हाला नाही.

फोंड्याचा_मिस्त्री
थांब बाब, एवढ्यात खोलू नको. पंचवीस वर्षं हात काळे केलेत, दोन मिनिटं ऐकून बेअरिंग गेलं म्हणणारा एकतर देव असतो नाहीतर त्याला इंजिन उतरवायचंच असतं.

तू लिहिलंयस त्यातच अर्धं उत्तर आहे. बेअरिंगचा आवाज खालून येतो, जड, धब धब, आणि गाडी गरम झाली की तो वाढतो, कारण ऑइल पातळ होतं आणि प्रेशर पडतं. लोड घेऊन चढाला लागलास की आणखी वाढतो. तुझा उलट गरम झाल्यावर जातोय. म्हणजे बेअरिंगवर संशय घ्यायचाच तर सगळ्यात शेवटी.

आणि तुझे आवाज दोन आहेत, एक नाही, ते वेगवेगळे धर. पहिली खडखड दिवा विझेपर्यंतच आहे ना, मग ती कोरडी खडखड, ऑइल वर पोचेपर्यंतची. रात्रभर ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. फिल्टरच्या आत रबराची चकती असते, इंजिन बंद झालं की ती ऑइल धरून ठेवते, पण हलक्या फिल्टरमध्ये ती कडक होते नाहीतर नसतेच, आणि फिल्टर आडवा बसवलेला असेल तर रात्रीत रिकामा. दुसरं म्हणजे आत ऑइल कुठलं आहे ते विचार. खाणीवरच्या गाड्यांत सर्रास वीस-पन्नास (20W-50) ओततात, जुनं इंजिन म्हणून जाड घाल. ते जाड ऑइल थंडीत मधासारखं सरकतं, पोचायला वेळ लावतं. पंधरा-चाळीस (15W-40) घाल आणि कंपनीचाच फिल्टर लाव.

आता टकटक. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेली हवा तापते आणि त्यावर डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की सिलेंडरची भिंत ती उष्णता खाऊन टाकते, मग नोझलने मारलेलं डिझेल लगेच पेटत नाही, जरा थांबतं, तोवर आणखी साठतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तोच तो टक. थोडा असतोच प्रत्येक डिझेलला, पण पाच मिनिटं आणि वर डोळे झोंबणारा पांढरा धूर म्हणजे अर्धं डिझेल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतंय. एखादं नोझल फवारा मारायचं सोडून धार सोडत असणार. तीन पावसाळे उभी गाडी, टाकीत पाणी धरलं असेल, नोझलची सुई गंजायला तेवढं पुरतं.

बघायचं कसं? सकाळी गार असतानाच चालू कर, आयडलिंगला ठेव आणि सतराच्या पान्याने एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला कर, परत आवळ, मग पुढचा. ज्या सिलेंडरला टकटक गेली तो तुझा चोर. एकालाही फरक पडला नाही तर वर टॅपेट बघ, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट. हात आणि तोंड लांब ठेव, खाली फडकं धर, डिझेल उडतं.

कुंकळ्ळीचा_पात्रांव
मिस्त्रीबाब बरोबर आहेत पण एक ठळक लिहा, हे फक्त जुन्या पंपवाल्या गाडीला!!! नव्या कॉमन रेल गाडीला (एकाच जाड नळीतून सगळ्या नोझलना डिझेल जातं ती) चालू असताना पाइप सोडायचा नाही म्हणजे नाही, त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि आधी दिसत पण नाही, मग बोट कापायची पाळी. उद्या कोणीतरी इथे वाचून बीएस6 ला पाना लावेल.

फोंड्याचा_मिस्त्री
हो, चूक माझी. वाचणाऱ्यांनो, कॉमन रेल असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडेच जा.

रोड_किंग_गोवा
एवढं कशाला, स्टार्टिंग स्प्रे मिळतो, एअर फिल्टरजवळ मारायचा, एका सेल्फमध्ये चालू.

फोंड्याचा_मिस्त्री
त्याची गाडी चालू होतेय रे, आवाज करतेय. स्प्रेने तो आवाज वाढेल. वेळेआधीच पेटतं ते, रिंगा तुटतात, पिस्टनची वाट लागते, आणि इनटेकला हीटर असेल तर तिथेच भडका.

निवृत्त_एएससी
मी सैन्यात ड्रायव्हर होतो, आता डिचोलीत नारळ मोजतो. कोणी डिझेल गोठलं म्हणून सांगितलं तर ऐकू नका. लेहला डिझेल खरंच गोठायचं, मेण धरून फिल्टर पांढरा व्हायचा, आम्ही टाकी-पाइपाजवळ शेक द्यायचो. 2019 च्या नोव्हेंबरात तिथे थंडीचं वेगळं डिझेल आलं, उणे 33 पर्यंत वाहतं असं. गोव्यात त्याच्या पासंगालाही थंडी नाही. मात्र चालू केल्यावर लगेच रेस मारायची सवय असेल तर सोडा, ऑइल पोचायच्या आधी रेस म्हणजे टर्बो कोरडा फिरवणे. ब्रेकची एअर भरेपर्यंत थांबायचंच असतं ना, तेवढ्यात काम होतं.

साखळी_ट्रान्सपोर्ट
मधेच विचारतो, माझ्या गाडीला सकाळी टकटक नाही, पण पहिलं एक मिनिट विमान उडाल्यासारखा घोंघावतो, मग आपोआप कमी. काय असेल?

कुंकळ्ळीचा_पात्रांव
फॅनचा क्लच. आतलं तेल रात्री एका बाजूला जमतं म्हणून सुरुवातीला फॅन इंजिनबरोबर पूर्ण फिरतो. मिनिटभराचं असेल तर विसर. दिवसभर राहिला तर बघ, डिझेल खाईल.

वाळपईकर_टिपर
(पाच दिवसांनी) मंडळी, खबर देतो. आधी ऑइल. जुन्या मालकाला फोन केला, खरंच वीस-पन्नास होतं, आणि फिल्टर असा की त्यावर नाव पण धड छापलेलं नाही. फिल्टर आडवाच आहे माझ्या गाडीत. दोन्ही बदललं, खडखड पाच सेकंदांवरून एखाद्या सेकंदावर आली, मी तर तिथेच खूश.

मग रविवारी सकाळी पाना घेऊन उभा राहिलो, हात थरथरत होते खरं सांगतो. एक, दोन, तीन, काही फरक नाही, फक्त इंजिन लंगडतं. चारचा नट ढिला केला आणि टकटक गायब! परत आवळला, परत टकटक. तीनदा केलं, विश्वासच बसेना. नोझल काढून फोंड्याला डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टरवर लावलं तर धुक्यासारखा फवारा यायच्या जागी नळ गळतो तसं टप टप, सुईवर तांबूस डाग. चारचं नवं टाकलं, बाकीच्या पाचांचं प्रेशर सेट करून घेतलं. टाकीचा खालचा नट सोडला तर आधी चहासारखं पाणी आलं, दोनेक लिटर तरी, मग डिझेल.

गार असतानाच टॅपेट पण सेट केले, दोनचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच ढिला होता, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) डोळे मिटून आत जात होतं. इंजिन काही उतरवलं नाही. सगळा खर्च त्या लाखाच्या जवळपाससुद्धा नाही. आता सकाळी अर्धा मिनिट बारीक टिकटिक राहते, धूर मिनिटभर. काल सेल्फ मारला तर आजी सवयीने खिडकीत आली, जरा वेळ उभी राहिली, काहीच न बोलता आत गेली.

फोंड्याचा_मिस्त्री
अर्धा मिनिट असू दे, 2011 ची गाडी आहे. पण टाकी नुसती रिकामी करून भागायचं नाही, उतरवून आतून धुवून घे, तळाला गंज असणार. वॉटर सेपरेटरमधलं पाणी दर आठवड्याला सोड आणि रात्री टाकी भरून उभी कर, अर्धी ठेवलीस तर थंडीत वरच्या रिकाम्या जागेत परत घाम धरेल. नाहीतर पुढच्या डिसेंबरात चारच्या जागी पाचचं नोझल घेऊन येशील इथे.